वीस मार्कांना नकार

अगदी काडीचंही काही करायचं नव्हतं. पाच दिवस हाताची घडी घालून गप्प बसायचं, बस्स. विद्यापीठाच्या पोर्टलवर आलेले शेवटच्या विषयाचे वीस मार्क सहाव्या दिवशी आपोआप पक्के झाले असते आणि इलेनिया काप्पिएल्लो बायोमेडिकल इंजिनिअर व्हायला मोकळी झाली असती. पण गप्प बसणं तिच्या आईच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं, ते त्या आईला, नुन्झियाताला, कुठून जमणार!

सोमवारी दुपारी इलेनिया प्रबंधाच्या प्रती बांधून आणायला गावातल्या छापखान्यात गेली होती. परत आली तर आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली, पुढ्यात लॅपटॉप उघडा, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि आत्ताच कुणाला तरी चांगलं फैलावर घेऊन आल्यासारखी खुशीत.

“आलीस? बस. तुझं एक काम करून टाकलं.”

“कसलं काम?”

“ते त्या माणसाने वीस दिले होते ना? परत पाठवले.”

इलेनियाच्या हातातली पिशवी खाली पडली. “परत पाठवले म्हणजे?”

“म्हणजे नको म्हटलं. दोन बटणं होती तिथे. एक ‘स्वीकार’, एक ‘नकार’. मी नकारचं दाबलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की का? म्हटलं, नक्की.”

आता मार्क नाकारायचा हक्क तिकडच्या विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थ्याला असतो. तीसपैकी अठराला पास, पण चोवीस मिळालेला पोरगा नाक मुरडतो, “नको” म्हणतो, पुन्हा परीक्षेला बसतो आणि वर्षभर मित्रांत फुशारकी मारत फिरतो. मिळालेल्या मार्कांपेक्षा नाकारलेल्या मार्कांच्याच गोष्टी जास्त रंगवून सांगितल्या जातात. पण हे सगळे हुशार पोरांचे चोचले. ‘वैद्यकीय उपकरणांचं इलेक्ट्रॉनिक्स’ या विषयात तीनदा आपटून चौथ्यांदा कसेबसे वीस मिळवणाऱ्या मुलीने ते नाकारायचे? ज्या संध्याकाळी ते वीस पोर्टलवर उगवले, तेव्हा इलेनिया बाथरूमचं दार लावून अर्धा तास आनंदाने रडली होती.

“आई,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की तिचा तिलाच धसका बसला. “हा पासवर्ड तुझ्याकडे फीमाफीचा अर्ज भरायला दिला होता.”

“हो, मग? अर्जच बघत होते. तिथे लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘कृती आवश्यक’. म्हणून केली.”

“आवश्यक नव्हती! काही केलं नसतं तरी चाललं असतं! काही न करणं हेच करायचं होतं!”

“ओरडू नकोस. खिडकी उघडी आहे.”

नुन्झियाताचा हिशोब तिच्या परीने अगदी सरळ होता. ती गावातल्या, मोंतेसेर्रोतल्या, हॉस्पिटलात बावीस वर्षं साफसफाई करत होती. त्या हॉस्पिटलात अकरा वर्षांनी पहिल्यांदा एक पक्की सरकारी जागा निघाली होती: बायोमेडिकल इंजिनिअर, संख्या एक. अर्ज करायची शेवटची तारीख एकतीस जुलै आणि त्या दिवशी पदवी हातात पाहिजे. सफाईची मुकादम पीना हिने डबा खाताना ज्ञान पाजळलं होतं की बाई गं, अशा भरतीत पदवीच्या मार्कांवर गुण देतात, एकशे दहापैकी शंभरच्या खाली असलं तर कुणी ढुंकून बघत नाही, आणि तुझ्या पोरीला हे वीस खाली ओढणार. पीनाचा भाचा वकील आहे, त्यामुळे पीनाला सगळं कळतं असं सगळ्यांचं मत, आणि त्यात पीनाचं सगळ्यात ठाम.

“बावीस विषय आहेत, आई. बावीस! त्यात एका विषयाने किती फरक पडतो ठाऊक आहे? एकशे दहात जेमतेम एक मार्क! पीनाला भागाकार येतो का?”

“मग पुन्हा दे ना परीक्षा. तू हुशार आहेस. पुढच्या आठवड्यात असेल की.”

“पुढची परीक्षा सप्टेंबरात आहे.”

नुन्झियाताने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चोवीस जुलैभोवती तिनेच लाल पेनने गोल केला होता. पदवीदान चोवीसला. कपाटात पदवी झाल्यावर वाटायचे, जाळीच्या पुड्यांतले लाल साखरबदाम होते, ऐंशी पुड्या, प्रत्येकीवर ‘डॉक्टर इलेनिया, २४ जुलै’ असं छापलेलं. तिथे पदवी घेतली की इंजिनिअरलाही डॉक्टर म्हणतात, आणि नुन्झियाताच्या गल्लीत तर फेब्रुवारीपासूनच म्हणत होते.

“चोवीसला बसायचं तर सगळे विषय शनिवारपर्यंत नोंदवलेले हवेत,” इलेनिया म्हणाली. “या शनिवारपर्यंत. पाच तारखेला. एक विषय राहिला तर पदवी नाही. पदवी नाही तर अर्ज नाही. आणि पुढची जागा निघेल अकरा वर्षांनी, तेव्हा मी चौतिशीत असेन.”

“अगं बाई,” नुन्झियाता हळूच म्हणाली.

“कपाळ माझं अगं बाई!”

चार वर्षं गेली होती यात. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पण तीन वर्षांत तो संपवणारा माणूस इलेनियाने अजून पाहिला नव्हता. एकशेऐंशी क्रेडिट. गणित एक झाल्याशिवाय गणित दोनला बसायचं नाही, दोन्ही गणितं आणि भौतिकशास्त्र झाल्याशिवाय शरीराच्या यांत्रिकीचं तोंडही बघायचं नाही, आणि चुकून बसलात, पास झालात, तरी तो पेपर रद्द. एक विषय अडला की त्याच्या मागचे चार दारात ताटकळत उभे. वर शरीररचना, पेशीशास्त्र, रसायन, प्रोग्रॅमिंग, इंग्रजीचा दाखला, हॉस्पिटलातली दीडशे तासांची उमेदवारी, प्रबंध. डॉक्टर पोरं म्हणायची तुम्ही इंजिनिअर, इंजिनिअर पोरं म्हणायची तुम्ही अर्धे डॉक्टर, आणि दोन्हीकडचे विषय मात्र यांच्याच बोकांडी. हे सगळं पार करून एका विषयापाशी घोडं अडलं होतं, तेही परवा सुटलं होतं. आणि आज पुन्हा जागच्या जागी.

मंगळवारी सकाळी सहाच्या बसने ती शहराला निघाली. दोन तासांचा रस्ता. आई मागोमाग स्टॉपवर हजर, हातात पिशवी.

“तू कुठे?”

“येते. चूक माझी आहे.”

“म्हणूनच येऊ नकोस!”

नुन्झियाता बसमध्ये चढून बसलीसुद्धा.

फॅकल्टीच्या कार्यालयाची खिडकी दहा ते बारा उघडी असते. दहाला उघडते असं लिहिलेलं असतं; साडेदहाला उघडली. खिडकीतल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि नखं बघत म्हणाली, “नकार म्हणजे नकार.”

“चुकून दाबलं गेलं.”

“पोर्टल दोनदा विचारतं. दोनदा चुकलं?”

इलेनियाने वर पाहिलं. बाईच्या डोक्यावरच नोटीस चिकटवलेली होती: आपला पासवर्ड दुसऱ्या व्यक्तीस दिल्यास शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे खरं सांगायचीही सोय नाही. मागून नुन्झियाता पुढे सरसावली, “बाई, त्याचं काय झालं, मी—” आणि इलेनियाने तिच्या पायावर पाय दिला.

“प्रोफेसरांना भेटा,” बाई म्हणाली. “मार्क त्यांचे.”

प्रोफेसर लामान्ना तिसऱ्या मजल्यावर आपल्या खोलीत टोमॅटो लावलेला फोकाच्चा पाव खात बसले होते. वय पासष्टच्या पुढे, भुवया पांढऱ्या आणि झुडपासारख्या. त्यांनी आधी हेच सांगितलं की पोर्टलचं काम कार्यालय बघतं. इलेनिया म्हणाली, कार्यालयाने तुमच्याकडे पाठवलंय. ते म्हणाले, कार्यालय सगळ्यांना माझ्याकडेच पाठवतं. मग नाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर हातातला घास कागदावर ठेवला.

“अच्छा. तुम्ही त्या होय!”

“मी कोण?”

“मी तीस वर्षं शिकवतोय, बाईसाहेब. सत्तावीस नाकारणारे पाहिले, एकोणतीस नाकारणारा एक येडा पाहिला. पण तीनदा नापास होऊन चौथ्यांदा मिळालेले वीस नाकारणारी मुलगी मला काल पहिल्यांदा भेटली. मी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, स्वाभिमानी दिसते.” त्यांनी बोटं पुसली. “वीस कमी वाटले तुम्हाला?”

खरं सांगावं तर शिस्तभंग. खोटं सांगावं तर काय सांगावं? आई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून दाराच्या फटीतून बघत होती. इलेनियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या तिरीमिरीत ती बोलून गेली, “हो. कमी वाटले.”

“अस्सं!”

“मला याहून जास्त येतं.”

हे ऐकून प्रोफेसर इतके खूश झाले की इलेनियाला तिथल्या तिथे धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ते म्हणाले, नाकारलेले मार्क परत आणणं देवाच्या बापालाही शक्य नाही. पण एका मुलाला कांजिण्या झाल्यात, त्याची राहिलेली तोंडी परीक्षा मी शुक्रवारी नऊ वाजता घेणार आहे, आणि तोवर नोंदवही उघडी आहे. या. “पण हं, सगळा अभ्यासक्रम विचारणार. पहिल्या पानापासून. ज्यांना जास्त येतं त्यांना जास्त विचारायला नको का?”

परतीच्या बसमध्ये मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. नुन्झियाताने पिशवीतून पीच काढून पुसून पुढे केलं. इलेनियाने ते घेतलं नाही. नुन्झियाताने ते परत पिशवीत ठेवलं.

पुढचे तीन दिवस म्हणजे नुसता वैताग. स्वयंपाकघराच्या टेबलावर चारशे पानी पुस्तक, त्यावर वह्या, आणि घरात उष्मा. नुन्झियाताने दोन दिवस सुट्टी टाकली, ही आणखी एक शिक्षा. कारण ती मदत करायची. इलेनिया एखादं सूत्र मांडत असली की मागून सरबताचा ग्लास. सूत्राच्या मध्यावर, “थोडी विश्रांती घे.” विश्रांती घेतली की, “झालं का सगळं पाठ?” शेजारची बाई दारात येऊन “आमची डॉक्टरीण कशी आहे?” असं विचारायची, तेव्हा आई दारातच तिला दबक्या आवाजात सगळी कथा सांगायची, आणि तो दबका आवाज चौकापर्यंत जायचा. बाप ट्रक घेऊन हंगेरीत होता; त्याने फोनवर सगळं ऐकलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, मी आहे तिथेच बरा आहे.

बुधवारी संध्याकाळी इलेनियाचा तोल गेला. निमित्त साधंच. आईने येऊन विचारलं, “हे जे तू शिकतेस, ते वीसमध्ये नव्हतं का?”

“होतं! वीसमध्ये सगळं होतं! पदवी होती, नोकरी होती, तुझे ते ऐंशी बदाम होते! मला तीस नको होते, आई. मला सव्वीसही नको होते. मला सुटका हवी होती. हात दाखवून अवलक्षण करायची ही कुठली हौस तुला? माझं सगळं बरं चाललेलं तुला बघवत नाही का?”

हे शेवटचं बोलायला नको होतं. ते बोलताना तिलाही कळलं.

नुन्झियाता सिंकपाशी पाठ करून उभी होती. तिने नळ बंद केला. हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

“तुला वाटतं मी पीनाचं ऐकून केलं,” ती म्हणाली. “पीना मूर्ख आहे, मला माहितीये.”

“मग का केलंस?”

“मी शाळेत पाचवीत होते तेव्हा मास्तरीण म्हणाली, पुरे आता, तू शिवणाकडे जा. गेले. हॉस्पिटलात ठेकेदार म्हणाला, पहाटेची पाळी. घेतली. दुसरा ठेकेदार आला, म्हणाला, तास कमी करतो, काम तेवढंच राहील. ते घेतलं. तुझ्या बापाच्या आईने मला जुनी भांडी दिली लग्नात, तळाला डाग पडलेली. ती पण घेतली, वर आभार मानले. मला कधी कुणी विचारलंच नाही गं, की नुन्झियाता, हे चालेल का तुला? बावन्न वर्षांत एकदाही नाही.” तिने फडका खुंटीला अडकवला. “आणि त्या दिवशी लॅपटॉपवर विचारत होते. स्वच्छ अक्षरांत. घेता की नको म्हणता? मला वाटलं, अशी जागा असते! जिथे आपल्याला देतात आणि वर आपण नको म्हणू शकतो! माझं बोट गेलं. त्याने नक्की का विचारलं तेव्हा तर मला इतकं बरं वाटलं...”

“ते मार्क माझे होते, आई.”

“हो. ते खरं.”

इलेनियाला राग आवरेना आणि आता तो काढायलाही जागा उरली नव्हती, हे तर त्याहून वाईट. तिने पुस्तक पुढे ओढलं. “जा, झोप,” ती म्हणाली. “आणि सरबत आणू नकोस.” नुन्झियाता गेली. इलेनियाने त्यानंतर एकाच पानावरची एकच ओळ दहादा वाचली. मग पानावर थाप मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शुक्रवारी नऊ वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात चारच माणसं होती. तोंडी परीक्षा तिथे उघड्या दाराने होतात, ज्याला ऐकायचं त्याने बसावं. पण आईला घेऊन येणारी मुलगी त्या वर्गाने पाहिली नव्हती. नुन्झियाता शेवटच्या बाकावर बसली होती. अंगावर नातेवाइकांच्या लग्नात घालायचा निळा पोशाख, पायाशी नेहमीची पिशवी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

“तोंड उघडायचं नाही,” इलेनियाने जिन्यातच बजावलं होतं. “खोकायचंसुद्धा नाही.”

आधी कांजिण्यावाला पोरगा. त्याच्या चेहऱ्यावर अजून खपल्या होत्या. वीस मिनिटं चाचपडला, प्रोफेसर म्हणाले, “अठरा द्यावेत असं—” आणि वाक्य संपायच्या आत तो “घेतले!” म्हणून सही करून जिन्यावरून धावतही सुटला. हा खरा शहाणा, इलेनियाला वाटलं.

“या, कमी वाटलेल्या बाई,” प्रोफेसर म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. पहिल्या पानापासून विचारलं. हृदयाची वीज छातीवरच्या पट्टीपर्यंत कशी येते, तिथे ती किती क्षीण असते, ती वाढवणारं सर्किट फळ्यावर काढा. तिने काढलं. हा रोध इतकाच का? तिने सांगितलं. दुप्पट केला तर? तिने सांगितलं, आवाज चढवूनच. तीन दिवसांचा राग तिच्या खडूत उतरला होता. चौथ्या वेळेला जी मुलगी घाबरत घाबरत ‘बहुतेक’ म्हणायची, ती आज फळ्यावर खडू आपटत होती. हृदयाला झटका देणाऱ्या यंत्रात विद्युतभार किती साठवायचा, रुग्णाच्या अंगातून किती वीज गळाली तर चालते, खाटेवरच्या माणसाला हीच मर्यादा का आणि हृदयापर्यंत नळी घातलेल्याला त्याहून कितीतरी कमी का. प्रोफेसरांनी मध्येच घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. एका ठिकाणी ती चुकली, चिन्ह उलटं धरलं. त्यांनी नुसती भुवई वर केली आणि तिने पुसून नीट केलं. तास उलटून गेला. शेवटच्या बाकावरून पर्सच्या पट्ट्याचा करकर आवाज येत होता.

“आता एक साधा,” प्रोफेसर मागे रेलून म्हणाले. “तुम्ही हॉस्पिटलात नोकरीला आहात. अतिदक्षता विभागातून फोन येतो. एका मॉनिटरवरची हृदयाची रेघ अचानक जाड झालीये, थरथरतेय. तुम्ही जाऊन काय बघाल?”

“पट्ट्या नीट चिकटल्यात का. वायर तुटलीये का. अर्थिंग.”

“सगळं ठीक आहे.”

“वायरींचं वेटोळं झालंय का. मॉनिटरचा फिल्टर चालू आहे का.”

“तेही ठीक. आणखी?”

पुस्तकात आणखी नव्हतं. त्या प्रकरणाची यादी तिला तोंडपाठ होती आणि ती संपली होती. क्षणभर डोकं पार रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या जागेत काय यावं, तर रोज रात्री जेवताना ऐकलेलं गाऱ्हाणं: नर्स माझ्यावर खेकसते, म्हणते तुझं मशीन तिकडे लाव, इथे लावलंस की आमची रेघ दोरखंडाएवढी होते, आता मी काय फरशी हाताने पुसू? चार वर्षं तिने हे मान डोलावत, न ऐकता ऐकलं होतं.

“फरशी पुसायचं मशीन कुठल्या सॉकेटला लावलंय ते बघेन,” ती म्हणाली. “शेजारच्याच लायनीवर असेल. त्याची मोटर आणि लांबलचक वायर, दोन्हींचा त्रास होतो. सफाईवालीला दुसरं सॉकेट दाखवेन. आणि दाखवताना खेकसणार नाही, कारण कुठलं सॉकेट कुणाचं, हे तिला आधी कुणी सांगितलेलंच नसतं.”

प्रोफेसरांनी तिच्याकडे बघितलं. “हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“नाहीये.”

मागे नुन्झियाता अगदी गंभीरपणे मान हलवत होती, जणू परीक्षक मंडळात तीही आहे.

प्रोफेसरांनी कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहिला आणि तो तिच्याकडे फिरवला. सव्वीस. “घेताय?” त्यांनी विचारलं. “की हेही कमी पडतात?”

“घेते,” इलेनिया म्हणाली, आणि त्याच क्षणाला शेवटच्या बाकावरून, खड्या आवाजात, “घेते!”

प्रोफेसरांनी आधी निळ्या पोशाखाकडे पाहिलं, मग इलेनियाकडे, मग पुन्हा निळ्या पोशाखाकडे. त्यांच्या झुडपी भुवया हळूहळू वर गेल्या. काहीतरी विचारावंसं त्यांना वाटलं असणार. पण त्यांनी विचारलं नाही. नोंदवही ओढली, तारीख घातली, आकडा घातला, सही केली, तिच्यापुढे केली. इलेनियाने सही केली तेव्हा तिच्या बोटांना खडू लागलेला होता, पानावर पांढरा डाग पडला.

ती व्हरांड्यात आली. झालं. सगळं झालं. चोवीसला पदवी, एकतीसच्या आत अर्ज. पुढचं पुढे. आता, फक्त आता, तीन दिवस दाताखाली धरून ठेवलेलं आईला ऐकवायचं. तिने ते बसमध्ये मनातल्या मनात नीट रचून ठेवलं होतं: माझ्या लॅपटॉपला पुन्हा हात लावलास तर, पीनाचं नाव माझ्यासमोर काढलंस तर, माझं वय किती आहे ते तुला माहितीये का. चांगली पाच मिनिटांची बोलणी होती.

ती वळली. नुन्झियाता जिन्याच्या पायरीवर पोचलीसुद्धा होती, फोन कानाला.

“पीना? ऐक. सव्वीस! हो, सव्वीस. आणि आधी किती देत होते? वीस!”

“आई.”

“वीस देत होते गं मला. हे घ्या म्हणाले, यातच समाधान माना. मी म्हटलं, नको.” ती थांबली, पलीकडचं ऐकलं, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मी. हो, मीच. मी नको म्हटलं, पीना. दोनदा विचारलं त्यांनी. दोन्ही वेळा म्हटलं.”

इलेनियाच्या ओठांवर सगळं तयार होतं. हे साफ खोटं आहे, हे ती ओरडून सांगणार होती. तुला कुणी देत नव्हतं, तुला कुणी विचारलं नव्हतं, तुझं नशीब बलवत्तर म्हणून निभावलं, नाहीतर आज तेलही गेलं असतं नि तूपही. आता ही गोष्ट मोंतेसेर्रोच्या प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक मजल्यावर, ती मरेपर्यंत सांगितली जाणार होती, आणि दर वेळी प्रोफेसर थोडे जास्त उर्मट होणार होते आणि नुन्झियाता थोडी जास्त ठाम.

नुन्झियाताने फोनवर हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. “काही म्हणायचंय का तुला?” तिने जरा भीतभीतच विचारलं.

राग होता. होताच. तो एवढ्यात कुठे जाणार होता!

“नाही,” इलेनिया म्हणाली. “तुझं चालू दे.”

“बस चुकेल ना आपली?”

“दुसरी आहे बाराला. सांग तिला नीट, पहिल्यापासून.”

ती आईच्या शेजारी पायरीवर बसली. आईच्या पिशवीत हात घालून पीच काढलं आणि खायला लागली.